उजेडाची खासगी मालकी

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे साखर कारखान्यांकडे जाणारे पश्चिम महाराष्ट्रातील रस्ते रात्रीही झोपत नाहीत. बीड-जालन्याच्या कोरडवाहू गावांतून आलेले ऊसतोड जोडपे दिवसभर फडात राबून मोळ्या बांधते, त्या टायरगाडीवर रचते आणि कारखान्यावर लवकर नंबर लागावा म्हणून पहाटेच्या काळोखातच गाडी जुंपून निघते. गाडीला पुढे दिवा नसतो, मागे नसतो. असलीच तर उसाला अडकवलेली एखादी विजेरी. अशा वेळी समोरून मोटार येते. तिच्या दिव्यांतून निघालेला निळसर पांढरा झोत प्रथम बैलांच्या डोळ्यांवर आदळतो. बैलाच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो. अंधारात त्याला माणसाहून अधिक दिसते ते त्यामुळेच, आणि असा झोत माणसाहून अधिक झोंबतो तोही त्यामुळेच. बैल बुजतात, जू एका अंगाला ओढले जाते, गाडीवान दोन्ही हातांनी कासरा खेचतो, मोळ्यांवर बसलेली बाई पोराला घट्ट धरते. मोटार निघून जाते. आतील गृहस्थाला यातले काहीही दिसलेले नसते.

हा गृहस्थ कोणी धनदांडगा नव्हे. बहुधा तो बँकेत, विमा कार्यालयात किंवा एखाद्या महाविद्यालयात नोकरी करणारा, हप्त्यांवर मोटार घेतलेला सज्जन माणूस असतो. समाजवादी साप्ताहिकाचा वर्गणीदारही असू शकेल. काही आठवड्यांपूर्वी एका रविवारी सकाळी त्याने सोसायटीच्या वाहनतळात मोटारीचे बॉनेट उघडले, कारखान्याने बसवलेले पिवळसर हॅलोजन बल्ब काढले आणि पुण्याच्या नाना पेठेतून आणलेले अथवा घरपोच मागवलेले एलईडीचे दोन बल्ब त्या जागी बसवले. थोडे पैसे आणि थोडा वेळ, एवढाच खर्च. संध्याकाळी भिंतीवर उजेड पाडून पाहिला, मुलाला दाखवला, शेजाऱ्याने किंमत विचारली. स्वतःच्या हाताने काही केल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता, आणि तो आनंद खोटा नव्हता. मात्र तेवढ्या वेळात त्याने रस्त्यावरील एक जुना करार एकतर्फी मोडला होता, आणि त्या कराराचा दुसरा पक्ष त्या वेळी तेथे हजर नव्हता.

'महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव असे प्रश्न आ वासून उभे असताना समाजवाद्यांनी मोटारीच्या दिव्यांची उठाठेव करावी काय?' असा प्रश्न एखाद्या कार्यकर्त्याच्या मनात येईल. मोटार ही मूठभरांची चैन आणि तिचे दिवे हा त्या मूठभरांचा आपसातील तंटा, अशी त्यामागची समजूत असते. ती आकड्यांपुढे टिकत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती आणि ७४,८९७ दुचाकीवरची. म्हणजे मेलेल्या दर शंभरांत चौसष्ट माणसे अशी, की ज्यांच्या अंगाभोवती पत्र्याचे कवच नव्हते. मोटारीच्या दिव्याचा प्रश्न मोटारीत बसलेल्यांपेक्षा मोटारीबाहेरच्यांचा अधिक आहे, हे यावरून उघड व्हावे.

या मृत्यूंपैकी किती डोळे दिपल्यामुळे झाले? अहवालात सर्वाधिक मृत्यू 'अतिवेग' या रकान्यात जमा आहेत. पंचनामा करणारा हवालदार वेग लिहितो, कारण वेग लिहिण्याची सोय आहे. मेलेला साक्ष द्यायला येत नाही, आणि ज्या मोटारीच्या झोताने डोळे दिपले ती तर अपघातात सापडतच नाही; ती केव्हाच पुढच्या गावी पोहोचलेली असते. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सोळा-सतरा मीटर अंतर कापते. दिपलेला डोळा सावरण्यास तीन सेकंद धरले, तरी पन्नास मीटरांचा प्रवास आंधळेपणाने होतो. साठी उलटलेल्या किंवा मोतीबिंदू धरलेल्या डोळ्याला याहून अधिक वेळ लागतो. त्या पन्नास मीटरांत पुढे चाललेली बिनदिव्याची टायरगाडी असेल, पाळी संपवून सायकलने घरी निघालेला कामगार असेल, कार्तिकीसाठी आळंदीच्या वाटेला लागलेली दिंडी असेल. धडक देणारा एक, दिपवणारा दुसरा आणि मरणारा तिसरा, असा हा हिशेब आहे. यातील दुसऱ्याचे नाव कोणत्याही कागदावर येत नाही.

दिवा म्हणजे केवळ बल्ब नव्हे, ही गोष्ट येथे नीट समजून घेतली पाहिजे. साऱ्या घोटाळ्याचे मूळ या एका गैरसमजात आहे. मोटारीचा दिवा ही बल्ब, त्यामागचा आरसा आणि पुढची काच या तिघांची मिळून झालेली रचना असते. १९७१ साली युरोपात आलेला आणि आजही भारतातील असंख्य मोटारींत असलेला एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब पाहावा. त्यात दोन तारा असतात: अप्परची साठ वॅटची, डिपरची पंचावन्न वॅटची. डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ती तारेचा खाली जाणारा उजेड अडवते. त्यामुळे आरशाच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो आणि तेथून परतून तो रस्त्याकडे खाली वळतो. भिंतीवर डिपरचा झोत टाकला असता त्याची वरची कड कापल्यासारखी सरळ दिसते, ती या वाटीची आणि त्या आरशाची करामत. त्या कडेच्या खाली रस्ता आणि वर समोरच्या माणसाचे डोळे, अशी ती सरहद्द आहे. डावीकडे ती किंचित वर चढते, म्हणजे आपल्या बाजूच्या कडेने चालणारा पादचारी दिसावा; उजवीकडे ती खालीच राहते, कारण तिकडून समोरचे वाहन येते. उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी घडवलेली दिव्याची जोडी कोणी हौसेने मागवून येथे बसवली, तर हाच चढ नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आता या आरशापुढे एलईडीचा बल्ब बसवला म्हणजे काय होते? त्यात तार नसते. एका चपट्या दांडीच्या दोन्ही अंगांना उजेड देणाऱ्या चकत्या चिकटवलेल्या असतात. तारेची जागा मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठरलेली असताना येथे उजेडाचा उगम रुंद, चपटा आणि बहुधा ठरल्या जागेपासून ढळलेला असतो. आरसा बिचारा आपले काम पूर्वीप्रमाणेच करीत राहतो. पण त्याच्याकडे आलेला उजेडच वेगळ्या ठिकाणाहून आलेला असल्यामुळे तो भलतीकडे फेकला जातो. कापल्यासारखी कड विरघळते आणि झोत झाडांच्या शेंड्यांपर्यंत पसरतो. झेनॉनच्या संचांनी याआधी हेच केले होते. हॅलोजनच्या डिपरचा उजेड सुमारे हजार ल्युमेन, तर झेनॉनचा सुमारे बत्तीसशे. हॅलोजनच्या मापाने घडवलेल्या आरशात तिप्पट उजेड ओतला की तो चहूकडून सांडणारच. त्याहीआधी शंभर-नव्वद वॅटच्या बल्बांची टूम होती. तिच्यात निदान वाटी जागेवर होती, आणि तारा वितळून किंवा बटण जळून मालकाला आपल्या हव्यासाची काही किंमत स्वतः मोजावी लागत असे. आजच्या बल्बाला वीजही कमी लागते. सारी किंमत आता समोरचा देतो.

यातला उपहास असा, की बसवणाऱ्यालाही फारसे काही मिळत नाही. असे बल्ब मोटारीच्या पुढचा जवळचा रस्ता लख्ख उजळतात. जवळचे फार उजळले की डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरचा काळोख अधिकच दाट होतो. गृहस्थाला वाटते, आता सगळे दिसते. प्रत्यक्षात त्याला आपल्या पायांपुढची फरशी तेवढी दिसत असते. पावसात तर काळ्या ओल्या डांबरावर हा पांढरा उजेड पुढे निसटून जातो आणि जुन्या पिवळ्या दिव्याची आठवण येते. पण तोवर हजार लोकांनी 'वा' म्हटलेले असते.

करार मोडला असे वर म्हटले, तो करार म्हणजे डिपर. मालमोटारींच्या पाठीवर 'यूज डिपर अ‍ॅट नाइट' अशी वेडीवाकडी अक्षरे रंगवलेली असतात. शेजारच्या 'हॉर्न ओके प्लीज'वर महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली. डिपरची विनवणी मात्र कोणाच्या आड आली नाही. एक चालक पंजाबचा, दुसरा तमिळनाडूचा. एकमेकांची भाषा येत नाही, चेहरा दिसत नाही, पुन्हा आयुष्यात भेट होण्याचा संभव नाही. घाटातल्या वळणावर दोघेही हाताची एक बोटभर हालचाल करतात, दोन्ही झोत खाली जातात आणि दोघे एकमेकांना जिवंत पुढे जाऊ देतात. ही नीती कोणा पुढाऱ्याने शिकवलेली नाही. कायद्यात ती आहे, परंतु रस्त्यावर ती टिकवली ती चालक कामगारांनी. बल्ब अधू होते त्या काळात तर दिव्याच्या काचेचा वरचा भाग काळ्या रंगाने रंगवून वाहने चालत. समोरच्याच्या डोळ्यांची काळजी ही रस्त्यावरची पहिली सभ्यता आहे, हे न शिकलेल्या माणसांनाही कळत होते.

बदललेल्या दिव्याने या भाषेचा अर्थच नाहीसा केला. आरशातून चहूकडे उधळणाऱ्या झोताला अप्पर काय आणि डिपर काय, समोरच्याला दोन्ही सारखेच. रातराणीचा एसटी चालक पन्नास प्रवाशांना घेऊन चाललेला असतो. समोरून झोत आला की तो नियमाप्रमाणे डिपर देतो आणि उत्तराची वाट पाहतो. उत्तर येत नाही. पुन्हा देतो. वस्तुतः समोरच्या गृहस्थाने डिपर कधीच दिलेला असतो. त्याच्या फळीवर तशी खूण दिसतही असते. तो मनात म्हणतो, 'हे एसटीवाले कसे उर्मट!' आणि चालक म्हणतो, 'हे मोटारवाले कसे माजले!' दोन माणसे प्रामाणिक असूनही एकमेकांना चोर समजतात. बाजारातल्या एका बल्बाने माणसामाणसांतला विश्वास कसा पोखरला जातो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. पुढे तो चालकही चिडून अप्पर लावतो. सात तास असे झोत अंगावर घेत त्याला गाडी पोहोचवायची असते आणि अपघात झाल्यास चौकशी त्याचीच व्हायची असते.

मोटारमालकाचा युक्तिवाद ठरलेला आहे. रस्ते अंधारे आहेत, खड्डे आहेत, गतिरोधकांना रंग नाही, समोरचे सगळे डोळ्यांत उजेड मारतात, मग एकट्यानेच सभ्यपणा का पाळावा? या युक्तिवादातील पहिली तीन विधाने अगदी खरी आहेत आणि चौथेही बव्हंशी खरे आहे. खोटा आहे तो निष्कर्ष. रस्ता सार्वजनिक, अंधार सार्वजनिक, खड्डा सार्वजनिक. उपाय मात्र ज्याच्या खिशात पैसे असतील त्याने आपल्यापुरता विकत घ्यावा, ही विचारसरणी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मध्यमवर्गाच्या अंगी पुरती मुरली आहे. नळाला पाणी नाही, टँकर मागवा. वीज जाते, इन्व्हर्टर घ्या. शाळा बिघडली, शिकवणी लावा. रस्ता दिसत नाही, झोत वाढवा. मृणाल गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणू लागले ते त्यांनी गोरेगावच्या वस्त्यांना आपापली विहीर खणा असा सल्ला दिला म्हणून नव्हे. महापालिकेच्या दारात हंडे घेऊन बायका उभ्या राहिल्या म्हणून. पाण्याच्या बाबतीत खासगी उपायाने शेजाऱ्याचे नुकसान निदान हळूहळू होते, भूजल खाली जाते. उजेडाच्या बाबतीत ते त्याच क्षणी, समोरासमोर होते. येथे एकाचा उजेड हाच दुसऱ्याचा अंधार असतो.

आणि ही चढाओढ सर्वांमध्ये समान नाही. मोटार मोटारीला दिपवते तेव्हा दुसरी मोटार पुढच्या महिन्यात आपले बल्ब बदलून परतफेड करू शकते. सायकलस्वार, गाडीवान, डोक्यावर पाटी घेऊन पहाटे बाजाराला निघालेली भाजीवाली यांनी कशाने परतफेड करावी? या शर्यतीत ज्यांना भागच घेता येत नाही त्यांचा पराभव पहिल्या दिवसापासून ठरलेला आहे. कारखान्यांच्या परिसरात दर हंगामात टायरगाड्यांना चकाकणाऱ्या पट्ट्या लावण्याचे कार्यक्रम होतात, छायाचित्रे छापून येतात. पट्ट्या लावल्याच पाहिजेत. परंतु ज्याचे डोळे समोरच्या झोताने आधीच दिपले आहेत, त्याला पुढच्या गाडीची पट्टी दिसत नाही. दिसण्याची सारी जबाबदारी दुबळ्यावर टाकायची आणि दिपवण्याचा हक्क सबळाकडे ठेवायचा, असा हा व्यवहार आहे.

शासन काय करते? कायदा पुस्तकात आहे, आणि तो वाईट नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील १०६ वा नियम सांगतो, की दिव्यापासून आठ मीटरांवर, उजवीकडे अर्धा मीटर अंतरावर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत तो माणूस दिपणार नाही, अशा रीतीने झोत खाली वळलेला असला पाहिजे. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रस्त्यावर उभा असलेला माणूस होता, ही समाधानाची गोष्ट. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने १८२-अ हे कलम नव्या रूपात आले. वाहनात बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून अधिसूचित झालेला सुटा भाग निकषांत बसत नसताना विकणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक नगामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. कायद्याने विक्रेत्याचा अपराध मालकाच्या वीसपट मोठा धरला आहे. अंमलबजावणीचा क्रम मात्र बरोबर उलटा. चौकात शिपाई उभा राहतो, एखाद्या रिक्षावाल्याला, टेम्पोवाल्याला, दुचाकीवरच्या पोराला अडवतो आणि पावती फाडतो. त्याच चौकातल्या दुकानाच्या फळीवर तेच बल्ब, 'दुप्पट उजेड' अशा पाटीखाली, राजरोस मांडलेले असतात. घरपोच विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे तर कोणी डोळा वर करून पाहत नाही. डोळा दिपतो म्हणून असेल.

तपासणीची कथा याहून बोलकी आहे. रिक्षा, टॅक्सी, मालमोटार, बस यांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्रासाठी आरटीओच्या मैदानात उभे राहावे लागते. पोटासाठी गाडी चालवणाऱ्याचा दिवस बुडतो, शुल्क भरावे लागते, दलाल भेटतात ते वेगळेच. खासगी मोटारीची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षे तिला कोणी विचारत नाही. पंधरा वर्षांत तिच्या दिव्यात किती बल्ब आले नि गेले, झोत कुठे वळला, काच किती पिवळी पडली, हे पाहण्याची गरज राज्यकर्त्यांना वाटलेली नाही. घाम गाळणाऱ्याचा दिवा संशयित आणि बाबूचा दिवा निर्दोष, हे कोणत्या शास्त्रात बसते?

येथे एक खबरदारी घेणे अगत्याचे आहे. घरी बसून मोटारीला हात लावण्यावरच बंदी आणावी, असा या साऱ्याचा अर्थ कोणी काढील, आणि मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांना तो फारच आवडेल. पूर्वी अम्बॅसडरला आणि जीपला सारखाच सात इंची गोल दिवा असे. काच फुटली तर तालुक्याच्या गावी मिळे आणि कोणीही चार स्क्रू काढून बसवी. आज प्रत्येक नव्या मोटारीचा दिवा त्या मोटारीपुरता, न उघडता येणारा, आतली एक चकती निकामी झाली तरी संपूर्ण बदलावा लागणारा असा घडवतात. त्याच्या किमतीत एखाद्या मजुराचा महिना निघावा. शिवाय कंपनीने स्वतः बसवलेले झगझगीत दिवे, तेही उंच बांध्याच्या गाड्यांवर, दुचाकीस्वाराच्या डोळ्यांच्या जवळपास उंचीला आणून ठेवलेले, कायद्याच्या चौकटीत राहूनही समोरच्याला छळतातच. रविवारी बॉनेट उघडणारा गृहस्थ अपराधी असेल, तर उंच गाडीला रुबाब म्हणून विकणारा कारखानदार त्याच्या आधीचा अपराधी आहे. स्वतःचे अवजार स्वतः उघडून दुरुस्त करण्याचा हक्क समाजवाद्यांनी सोडता कामा नये.

प्रश्न हात लावण्याचा नाही, कशाला लावला याचा आहे. दिवा मंद झाला म्हणून बल्ब बदलणाऱ्यांपैकी अनेकांचा बल्ब मुळी मंद नसतो. वर्षानुवर्षे गंजलेल्या जोडण्यांमुळे, मळलेल्या अर्थिंगमुळे त्याच्यापर्यंत पोहोचणारा विजेचा दाब घटलेला असतो. आणि हॅलोजनच्या तारेचा स्वभाव असा, की दाब दहा टक्क्यांनी घटला तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. वाळूकागदाचा एक तुकडा, नवी जोडणी, फार तर एक रिले एवढ्याने गेलेला उजेड परत येतो, आणि तो आरशातून जेथे जायला हवा तेथेच जातो. उन्हाने पिवळी पडलेली प्लॅस्टिकची काच घासून स्वच्छ करता येते. मागे चार माणसे आणि सामान बसले की मोटारीचे नाक वर उठते आणि झोत आभाळाला जातो. त्यासाठी पुष्कळ मोटारींत फळीजवळ एक चक्री दिलेली असते, तिला मालकाने बहुधा आयुष्यात हात लावलेला नसतो. ही सारी घरीच करण्याची कामे आहेत आणि त्यांनी कोणाचेही डोळे जात नाहीत.

'मग एलईडी कधीच नको काय?' असे विचारणाऱ्यास जर्मनीचे उदाहरण देता येईल. तेथे २०२० पासून हॅलोजनच्या जागी काही एलईडी बल्ब बसवण्यास परवानगी मिळू लागली. ती सरसकट नव्हे, अमुक बल्ब अमुक मोटारीच्या अमुक दिव्यात, अशा जोड्या तपासून. शास्त्राला मज्जाव नाही, तपासणीवाचून विक्रीला मज्जाव आहे. भारतात तपासणी ज्यांनी करायची ते पावत्या फाडण्यात गुंतले आहेत.

मागण्या अवघड नाहीत. १८२-अ कलमाचा बडगा दुकानदार, आयातदार आणि घरपोच विक्री करणाऱ्या कंपन्या यांच्यावर प्रथम उगारावा. खासगी मोटारीला पीयूसीसाठी दरवर्षी जावेच लागते. त्याच ठिकाणी, त्याच वेळी झोताची उंची पाहण्याची सक्ती करावी. रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा दरवर्षी रंगवावा, कारण समोरून झोत आला असता अनुभवी चालक त्या पट्ट्याच्या आधाराने गाडी सावरतो. पट्टा पुसला गेला की त्याचा तोही आधार जातो. महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर लावलेली दिसते, ती शोभेसाठी लावली असे पुष्कळांना वाटते. समोरच्या वाहनाचा झोत अडवणे हे तिचे काम आहे. ती बिचारी गुरांनी न खाल्लेली, कमी पाण्यावर तगणारी, लाल-गुलाबी फुलांची सार्वजनिक सेवक. कंत्राटदार टोल वसूल करतो आणि कण्हेरीला पाणी घालीत नाही. ती वाळते, मध्ये हातभर रुंद खिंडारे पडतात, आणि त्या खिंडारांतून रात्रभर हजारो झोत एकमेकांच्या डोळ्यांत घुसतात. मग प्रवासी घरी येऊन अधिक तीव्र बल्ब मागवतो. एका वाळलेल्या झुडपाची भरपाई किती मोटारमालकांनी किती हजार रुपये खर्चून करावी आणि तरीही ती होऊ नये, याचा हिशेब कोणी तरी मांडावा.

पक्षाच्या शाखांनी मात्र शासनाची वाट पाहत बसू नये. पुढील गळीत हंगामाच्या आधी प्रत्येक कारखान्याच्या गावी एक संध्याकाळ ठरवावी. लागते काय? सपाट जागेपुढची एक भिंत, खडू, मोजपट्टी आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. मोटार भिंतीपासून दहा मीटरांवर उभी करावी, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी आणि डिपरच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या साधारण दहा सेंटीमीटर खाली येईपर्यंत दिव्यामागचा स्क्रू फिरवावा. ज्या दिव्याची कडच भिंतीवर उमटत नाही, त्यातला बल्ब तेथल्या तेथे काढायला सांगावा. डॉक्टर, प्राध्यापक, संचालक यांच्या मोटारी आधी रांगेत घ्याव्यात, रिक्षा नंतर. काढलेले जुने हॅलोजन बल्ब बहुतेकांनी घरी कपाटात जपून ठेवलेले असतात; ते येताना बरोबर आणावेत, असे निमंत्रणातच छापावे.